निकाराग्वाची सिगार : चव, कडकपणा आणि गुणांकन

एखाद्या सिगारला शंभरपैकी ९२ गुण मिळाले, तर त्या ९२ मध्ये नेमके काय मोजले गेले? १९९२ साली न्यूयॉर्कहून 'सिगार अफिसिओनाडो' हे मासिक निघाले आणि वाइनच्या जगातली शंभर गुणांची पद्धत सिगारच्या जगात रुजली. बाह्य रूप, बांधणी, ओढ, जळणे, चव या साऱ्यांची बेरीज एका आकड्यात होऊ लागली. आकडा सुटसुटीत असतो आणि दुकानाच्या फळीवर चिकटवायलाही सोयीचा. मात्र त्यात तीन निरनिराळ्या जातींची विधाने कालवलेली असतात. पहिले विधान कारागिरीचे: सिगार नीट वळलेली आहे का, सरळ जळते का. दुसरे शरीराचे: निकोटिन किती लागले. तिसरे चवीचे: तोंडात आणि नाकात काय जाणवले. पहिल्याची शहानिशा दुसरा कोणीही करू शकतो. दुसरे ओढणाऱ्याच्या सवयीवर, पोटावर आणि वजनावर अवलंबून असते. तिसरे अनुभव आणि संकेत यांच्या मिश्रणातून येते. तिन्हींच्या तपासणीच्या रीती वेगळ्या असल्यामुळे त्यांचे निष्कर्षही वेगवेगळे मांडायला हवेत.

यासाठी निकाराग्वाची सिगार उदाहरणाला घेणे सोयीचे, कारण ही गल्लत तिथे सर्वांत ठळक दिसते. या सिगारची ख्याती कडकपणाची आहे, आणि कडकपणालाच गुण समजण्याची खोड जुन्याजाणत्या परीक्षकांनाही लागलेली आहे.

परीक्षणाची वस्तू

१९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातले तंबाखू उद्योग सरकारच्या ताब्यात गेले आणि १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केला. देश सोडून आलेले अनेक बागायतदार आणि कारागीर जमिनीच्या शोधात मध्य अमेरिकेत पोहोचले. निकाराग्वाच्या उत्तरेकडची एस्तेली, कोंदेगा आणि हालापा ही खोरी त्यांना मानवली. होसे ओर्लांदो पाद्रोन यांची गोष्ट या साऱ्या काळाचा नमुना आहे. १९६४ मध्ये त्यांनी मायामीत सिगारचा धंदा सुरू केला आणि १९७० मध्ये निकाराग्वात काम उभारले. १९७८ च्या धुमश्चक्रीत त्यांचा एस्तेलीतला कारखाना जळाला. १९७९ मध्ये सांदिनिस्ता क्रांतिकारक सत्तेवर आले, १९८५ मध्ये अमेरिकेच्या रेगन सरकारने निकाराग्वाशीही व्यापारबंदी केली आणि ती १९९० मध्ये उठली. त्यानंतरच या देशाच्या सिगारला मोकळी बाजारपेठ मिळाली. आज जिला 'निकाराग्वाची शैली' म्हणतात ती बाजारात स्थिरावून जेमतेम तीन-साडेतीन दशके झाली आहेत. शतकांच्या परंपरेची भाषा जाहिरातीतच शोभते.

'निकाराग्वाची' या विशेषणाचे अर्थही दोन आहेत. भरणापासून वेष्टनापर्यंतचे प्रत्येक पान त्याच देशात पिकलेले असेल तर तिला 'पुरो' म्हणतात. बऱ्याच नामांकित सिगार मात्र एस्तेलीत वळलेल्या असल्या तरी त्यांचे वेष्टन इक्वेडोरचे किंवा मेक्सिकोच्या सान आंद्रेस खोऱ्यातले असते. इक्वेडोरच्या तंबाखूपट्ट्यात ढगांचे झाकण जवळपास कायम असते, त्यामुळे तिथले पान पातळ आणि तलम निघते. जिचे वेष्टन इक्वेडोरचे आहे तिच्या चवीवरून निकाराग्वाच्या मातीबद्दल सिद्धांत मांडणे धोक्याचे.

मातीतला फरक मात्र खरा आहे. एस्तेलीची जमीन काळी आणि भारी, तिथले पान जाड, तेलकट आणि जोरकस. हालापा होंडुरासच्या सीमेला लागून आहे. तिथली माती तांबूस, पान मऊ आणि गोडसर वासाचे, वेष्टनालाही चालणारे. कोंदेगा या दोहोंच्या मधले. चौथा प्रदेश ओमेतेपे, म्हणजे निकाराग्वा सरोवरातले दोन ज्वालामुखींचे बेट. तिथल्या पानाला मातकट आणि काहीसा खनिजी वास येतो, असे मिश्रण करणारे सांगतात. मिश्रणकाराचे निम्मे काम या चार ठिकाणांची पाने कोणत्या प्रमाणात घ्यायची हे ठरवण्याचे असते.

उरलेले निम्मे काम झाडाच्या उंचीशी निगडित आहे. खालची पाने, 'व्होलादो', पातळ असतात आणि सहज पेटतात. त्यावरची 'सेको' वासाला चांगली, 'विसो' अधिक भरीव, आणि शेंड्याकडची, भरपूर ऊन खाल्लेली 'लिहेरो' सर्वांत जाड. लिहेरोत निकोटिन जास्त असते आणि ते हळू जळते, म्हणून वळणारा ते भरणाच्या गाभ्यात ठेवतो. कडेला ठेवले तर सिगार वाकडी जळेल. खुडलेली पाने कोठारात टांगून हवेवर वाळवतात, मग त्यांच्या मोठ्या गंजी रचून आंबवतात. गंजीचा गाभा तापला की ती मोडून आतले बाहेर, बाहेरचे आत करून पुन्हा रचतात. या आंबण्यात अमोनिया उडून जातो. सिगार पेटवल्यावर नाकात झोंबणारा, गोठ्यासारखा उग्र वास आला, तर तंबाखू पुरेशी आंबलेली किंवा मुरलेली नाही. तो दोष आहे, आणि त्याला 'जोरदार सुरुवात' असे गोंडस नाव देऊ नये.

कडकपणा

इंग्रजी परीक्षणांत जोर, भरीवपणा आणि चवीची तीव्रता या तीन गोष्टी वेगळ्या मानण्याचा रिवाज आहे, पण व्यवहारात त्या एकमेकींच्या जागी सर्रास वापरल्या जातात. जोर म्हणजे निकोटिनचा परिणाम. भरीवपणा म्हणजे धुराचे तोंडातले वजन, त्याचा दाटपणा. तीव्रता म्हणजे स्वाद किती स्पष्ट आहे. फिकट वेष्टनाची, जोराने मवाळ सिगारसुद्धा चवीने स्पष्ट असू शकते. उलट शेंड्याची पाने ठासून भरलेली एखादी सिगार डोके गरगरवते आणि चवीला मात्र एकसुरी निघते. वेष्टनाच्या रंगावरून जोर ओळखण्याचा प्रयत्न तर व्यर्थच. काळपट 'मादुरो' वेष्टनाचा रंग जाड पान जास्त उष्णतेत आणि जास्त काळ आंबवल्याने येतो. निकोटिनचे प्रमाण त्यावरून कळत नाही.

यात आणखी एक तिखट घटक मिसळतो. निकाराग्वाच्या सिगारबद्दल 'काळी मिरी' हा शब्द हमखास वापरला जातो. मिरीची ही चुणचुण चव नसते, वासही नसतो. तोंडातल्या आणि नाकातल्या वेदना व उष्णता जाणवून देणाऱ्या मज्जातंतूंचे ते काम आहे. मिरची तिखट लागते ती याच मार्गाने. म्हणून या चुणचुणीचा उल्लेख चवीच्या रकान्यात न करता वेगळा करावा. ती जोराचा पुरावा नसते आणि चवीचाही नसते.

निकोटिनचे रसायन समजल्याशिवाय कडकपणाची मोजदाद नीट होत नाही. सिगारेटचा धूर साधारणपणे आम्लधर्मी असतो, त्यातले निकोटिन तोंडात फारसे शोषले जात नाही, म्हणून सिगारेट ओढणारा धूर छातीत घेतो. सिगारचा धूर अल्कधर्माकडे झुकलेला असतो आणि त्यातले मुक्त रूपातले निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातूनच रक्तात जाते. तळहातावर तंबाखूला चुना लावून ती मळणारा माणूस नेमकी हीच प्रक्रिया घडवत असतो: चुना अल्कता वाढवतो आणि निकोटिन मोकळे होते. सिगारमध्ये चुन्याचे काम आंबवलेल्या पानाचे स्वतःचे रसायन करते.

सिगारच्या धुराचा सामू एकाच पातळीवर राहत नाही, हे परीक्षकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे. सुरुवातीच्या झुरक्यांत तो ६.५ च्या आसपास असतो आणि शेवटाकडे ८.५ पर्यंत चढू शकतो. सामू ८ ला निकोटिनचा सुमारे अर्धा भाग मुक्त असतो. त्याच हिशेबाने ६.५ ला जेमतेम ३ टक्के आणि ८.५ ला सुमारे ७५ टक्के मुक्त ठरतो. भरीला आधीच्या धुरातले डांबर आणि निकोटिन पुढच्या तंबाखूत साचत जाते, आणि निखारा ओठांजवळ आल्याने धूरही अधिक गरम लागतो. 'शेवटच्या तिसऱ्या भागात सिगार जोर धरते' हे वाक्य परीक्षणांत मिश्रणकाराच्या कौशल्याची पावती म्हणून येते. तो जोर कोणत्याही सिगारमध्ये येणारच असतो. मिश्रणकाराला श्रेय द्यायचे असेल तर पहिल्या दोन भागांत काय बदलले ते पाहावे, आणि शेवटच्या भागात त्याने या अपरिहार्य चढाला कडवट होण्यापासून कितपत रोखले ते पाहावे.

शरीराचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायला हवी. धूर छातीत घेतला नाही म्हणजे सिगार निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. तंबाखूचा धूर कर्करोगकारक आहे. सिगार ओढणाऱ्यांत तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. एका मोठ्या सिगारमध्ये पाकीटभर सिगारेटींइतकी तंबाखू असू शकते. त्यामुळे परीक्षणाची पद्धत जितकी कमी धुरात पुरेसे सांगेल तितकी बरी. एका बैठकीत पाच-सहा सिगारची तुलना करणाऱ्या परीक्षकांच्या शेवटच्या नोंदी मी गंभीरपणे घेत नाही. तोवर त्यांच्या जिभेत आणि रक्तात आधीच्या सिगार मुरलेल्या असतात.

साठवण आणि कारागिरी

पेटवण्यापूर्वीच अर्धे परीक्षण बिघडू शकते, कारण सिगार हवेतला ओलावा घेते आणि सोडते. ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि २० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान हे सर्वसाधारण प्रमाण. जुलैत मुंबईत उघड्यावर राहिलेली सिगार फुगते, वेष्टन उकलते, ओढ घट्ट होते आणि निखारा वारंवार विझतो. तीच एप्रिलमध्ये पुण्यात ठेवली तर आठवड्याभरात पान ठिसूळ होऊन ती भसाभसा आणि कडवट जळते. दोन्ही ठिकाणी लिहिलेला निकाल सिगारचा नसून हवेचा असतो. तापमान २४-२५ अंशांच्या वर राहिले तर पानातली तंबाखूच्या किड्याची अंडी फुटण्याची भीती. त्यासाठी बरेच कारखाने माल बाहेर पाठवण्याआधी गोठवून घेतात. डब्यातल्या आर्द्रतामापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन ते जेमतेम ओले करावे आणि मापकासह हवाबंद पिशवीत दिवसभर ठेवावे. काटा ७५ टक्क्यांवर यायला हवा. न आल्यास जितका फरक, तितकी दुरुस्ती.

कारागिरीची तपासणी सरळ आहे. सिगार बोटांत हलकेच दाबत टोकापासून टोकापर्यंत जावे. मऊ जागा म्हणजे भरण कमी, कडक गाठ म्हणजे ते दाटलेले. वेष्टनाच्या शिरा बारीक असाव्यात, पण त्यावरून चवीचा निष्कर्ष काढू नये. डोक्याकडची टोपी कापून, न पेटवता एक-दोनदा हवा ओढून पाहावी. ओढ किती मोकळी आहे ते तेव्हाच कळते, शिवाय कच्च्या पानाचा वासही मिळतो. एस्तेलीच्या कारखान्यांत सहसा दोघांची जोडी काम करते, एक भरण बांधतो आणि दुसरी वेष्टन चढवते. ओढ बिघडली तर दोष पहिल्याच्या टेबलावरचा असतो. म्हणूनच अनेक ठिकाणी वेष्टन चढण्याआधी भरणाची ओढ यंत्राने मोजतात. ओढ इतकी महत्त्वाची का? घट्ट असेल तर ओढणारा जोर लावतो, निखारा तापतो, धूर करपट होतो, आणि मग त्या करपटपणाचे खापर तंबाखूवर फुटते. अशी सिगार बाजूला ठेवून त्याच पेटीतली दुसरी घ्यावी, आणि नोंदीत तसे लिहावे.

पेटवताना ज्योत पानाला चाटू न देता थोडी दूर धरावी. त्यानंतर मिनिटाला एक झुरका, फार तर दोन. हा वेग पाळणे ही परीक्षणातली सर्वांत कठीण शिस्त आहे, कारण बोलण्याच्या भरात माणूस घाई करतो. जळण्याची रेषा किंचित वेडीवाकडी असेल तर ती आपोआप सावरते का, ते पाहावे. एक बाजू पुढे पळत राहिली किंवा आतून बोगदा पडला तर तो बांधणीचा दोष.

राखेबद्दल भाबड्या समजुती पुष्कळ आहेत. शुभ्र राख म्हणजे उच्च प्रत, असे मानले जाते. राखेचा रंग प्रामुख्याने पानातल्या खनिजांवर, विशेषतः मॅग्नेशियम आणि कॅल्शियमवर अवलंबून असतो. तो मातीबद्दल आणि खताबद्दल काही सांगतो, चवीबद्दल फारसे नाही. पोटॅशियमने पान नीट धुमसत राहते, क्लोरीनने ते विझू पाहते. तंबाखूला म्युरेट ऑफ पोटॅश टाळून सल्फेट देतात ते यासाठीच. राख बोटभर टिकली तर भरण लांब पानांचे आहे आणि नीट बांधले आहे, एवढेच सिद्ध होते.

चव

गोड जिभेच्या टोकाला, कडू मागच्या बाजूला, हा नकाशा सिगारच्या पुस्तकांत अजून छापला जातो. १९०१ मधल्या एका जर्मन संशोधनाच्या विपर्यस्त वाचनातून तो पसरला. प्रत्यक्षात जिभेच्या सर्व स्वादग्राही भागांना मूळ चवी कळतात. सिगार ओढताना जिभेला कडू, आंबट, खारट यांच्या छटा मिळतात. उरलेले सारे वैभव नाकाचे. तोंडातला धूर टाळूमागून नाकात शिरतो तेव्हाच 'कोको', 'कॉफी', 'देवदार', 'चामडे' हे शब्द सुचतात. त्यासाठी मोजक्या झुरक्यांचा थोडासा धूर, छातीत न घेता, नाकावाटे सोडतात. निकाराग्वाच्या सिगारबाबत हे जपून करावे, कारण मिरीची चुणचुण नाकाला तोंडाच्या कित्येक पट जाणवते. एका भागात दोन-तीनदा पुरे.

हे स्वाद कल्पनेतून येत नाहीत. भाजलेल्या, खरपूस वासांमागे पायराझिनसारखी संयुगे असतात. भाजलेले दाणे, कॉफी आणि कोको यांच्यातही ती असतात. गोडव्याचे प्रकरण मात्र मजेचे आहे. हवेवर वाळवून आंबवलेल्या तंबाखूत साखर जवळजवळ उरत नाही. मादुरोचा गोडवा बहुतांशी वासाने जागवलेली आठवण असते. त्यामुळे 'गोड' अशी नोंद करण्याऐवजी 'काकवीसारखा वास' असे लिहिणे अधिक प्रामाणिक. इथे मराठी परीक्षकाने परक्या यादीतले शब्द उसने घेण्याचे कारण नाही. ज्याने हिकरीचे लाकूड कधी हुंगलेले नाही त्याने त्याचे नाव का घ्यावे? खरपूस, करपट, तुरट, मातकट, उग्र हे शब्द आपल्याकडे नेमके आहेत, आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा किंवा जायफळाचा वास दोन मराठी माणसांना सारखाच कळतो. शब्दाची कसोटी एकच: दुसऱ्या ओढणाऱ्याला तो न सांगता सुचतो का. सात-आठ वेगवेगळे स्वाद मोजून दाखवणाऱ्या नोंदीपेक्षा दोघांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या दोन शब्दांवर मी जास्त विसंबेन.

आकाराचा परिणामही चवीच्या हिशेबात धरावा लागतो. सिगारची जाडी इंचाच्या ६४ व्या भागात मोजतात. ४२ मापाची सिगार सुमारे १६.७ मिलिमीटर जाड, ६० मापाची २३.८ मिलिमीटर. परीघ व्यासाच्या पटीत वाढतो, भरणाचा छेद मात्र व्यासाच्या वर्गाच्या पटीत. म्हणून ६० मापात भरण जवळपास दुप्पट होते, वेष्टन मात्र फक्त १.४ पट. त्याच नावाची जाड सिगार खरे तर वेगळ्या मिश्रणासारखी लागते. वेष्टनाचे गुणगान ऐकून ते तपासायचे असेल तर बारीक माप घ्यावे.

निकाल कसा लिहावा

पाद्रोनची '१९६४ ॲनिव्हर्सरी' ही १९९४ मध्ये आलेली मालिका घेऊ. किमान चार वर्षे मुरवलेली तंबाखू, दाबून चौकोनी केलेला आकार, फिकट आणि मादुरो असे दोन पर्याय. नाव आणि दबदबा इतका आहे की सिगारभोवतीची नावाची पट्टी पाहताच परीक्षकाचा हात सढळ होतो. म्हणून पट्टी काढून क्रमांक द्यायला हवा, आणि या सिगारला दोन पट्ट्या असतात, दुसरी क्रमांकांकित, नकली माल ओळखण्यासाठी. दोन्ही काढल्या तरी चौकोनी आकार चुगली करतोच. तिच्याशी तुलना करायची सिगारही चौकोनीच निवडावी लागते.

फिकट आणि मादुरो यांतला फरक खरोखर कळतो का, हे पाहायला अन्नशास्त्रातली त्रिकोण चाचणी उपयोगी आहे. तीन सिगार, त्यांपैकी दोन एकसारख्या; वेगळी कोणती ते अंधारात ओळखायचे. अंदाजपंचे ओळखण्याची शक्यता एक तृतीयांश, सलग पाच वेळा अंदाजाने बरोबर येण्याची २४३ मध्ये एक. अडचण अशी की हाताने वळलेल्या दोन 'एकसारख्या' सिगारही तंतोतंत एकसारख्या नसतात. चाचणी त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही, उलट तिच्यातून आणखी एक माहिती मिळते. एकाच पेटीतल्या दोन सिगारमधला फरक दोन पर्यायांमधल्या फरकाइतका मोठा वाटला, तर चवीबद्दलचे वर्णन बाजूला ठेवून आधी कारखान्याच्या सातत्याबद्दल लिहायला हवे. एका सिगारवरून दिलेला गुण हा त्या एका सिगारचा गुण असतो. पेटीबद्दल बोलायचे तर निदान तीन हव्यात, आणि त्या वेगवेगळ्या दिवशी.

निकाल तीन ओळींत लिहावा असे माझे मत आहे. पहिलीत कारागिरी: ओढ, जळण्याची रेषा, किती वेळा पुन्हा पेटवावी लागली. दुसरीत जोर, आणि त्यासोबत परीक्षकाची सवय व पोट भरलेले होते की रिकामे. रिकाम्या पोटी मध्यम सिगारही घाम फोडते. तिसरीत चव, पहिल्या दोन भागांतले बदल ठळक करून आणि शेवटच्या भागाला सवलत न देता. तिन्हींची बेरीज करू नये. बेरीज केली की घट्ट ओढीची पण सुगंधी सिगार आणि उत्तम जळणारी पण सपक सिगार यांना सारखेच गुण मिळतात, आणि विकत घेणाऱ्याला त्या आकड्यातून काहीच कळत नाही.

नोंदीला तारीख हवी. कारखान्यातून नुकतीच आलेली सिगार आणि दोन वर्षे डब्यात राहिलेली सिगार यांत अमोनियाचा, चुणचुणीचा आणि जोराच्या धारेचा फरक पडतो; निकाराग्वाच्या जोरकस मिश्रणांत तो लवकर लक्षात येतो. क्यूबन पेट्यांच्या तळाशी भरल्याचा महिना आणि वर्ष छापलेले असते. इतर देशांच्या मालावर ही खूण मिळेलच असे नाही, तेव्हा खरेदीचा महिना आणि साठवणीची आर्द्रता पेटीच्या झाकणावर आपल्या हाताने लिहून ठेवावी.